सहा रेघांचा श्वास

भाजे गावच्या विहिरीत मी ब्लीचिंग पावडर टाकायला गेलो, तेव्हा कोंडाजीने माझ्यासमोरची बादली लाथेने उडवली.

१९२६ सालचा चैत्र होता. कामशेतला दोघांना पटकी झाली होती आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी शुद्ध करायचं काम वडगावच्या कचेरीने माझ्यावर सोपवलं होतं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. बादलीत पावडर कालवली, तिचा झणझणीत वास सुटला, आणि रहाटापाशी बसलेला पस्तिशीच्या आतबाहेरचा, रुंद खांद्यांचा एक माणूस उठून माझ्या अंगावर आला. बादली उडाली. मग तोच चार पावलं मागे सरला, दगडावर बसला आणि खोकू लागला. सवयीने मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं तो खोकत होता.

घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांतली एक पुढे आली. ती त्याची बायको सरुबाई. "सायेब, त्येंला तुमचा राग न्हाई आला," ती म्हणाली, "त्या वासाचा आला."

खोकला थांबल्यावर मी त्याला विचारलं, हा वास आधी कुठे घेतला होतास? त्याने डोळे पुसले.

"फ्रान्साच्या मुलखात. पर तितं ह्यो बादलीत नव्हता. तितं ह्यो आख्ख्या रानावरनं चालत आलता."

तो वास मलाही ओळखीचा होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीतला क्लोरीन मी एकदा निष्काळजीपणाने हुंगला होता आणि दोन दिवस माझा घसा सोलून निघाल्यासारखा झाला होता. बोटाएवढ्या नळीतल्या वायूने एवढं केलं होतं. या माणसाने किती घेतला असेल, याचा हिशोब मी त्या दिवशी मनात मांडायला लागलो आणि तो सुटेना.

पुढच्या आठवड्यात विहिरीचं पाणी तपासायच्या निमित्ताने मी पुन्हा भाज्याला गेलो. या वेळी बादली झाकून नेली होती. कोंडाजीने ओसरीवर घोंगडी टाकली आणि मी विचारलं तेवढंच, तुटक तुटक सांगितलं. तो खडकीच्या सॅपर्समधला. खंदक खणायचे, तारा लावायच्या, पूल बांधायचे, हे त्यांचं काम. १९१५ च्या एप्रिलमध्ये त्यांची कंपनी बेल्जमच्या हद्दीत होती. समोरून हिरवट पिवळा ढग जमिनीला धरून आला. त्याने पटक्याचा पदर पाण्यात भिजवून तोंडावर बांधला. त्याच्या शेजारी त्याच्याच आवाठातला, म्हणजे वाडीतला, अंबाजी होता. ढग गेला तेव्हा अंबाजी शेजारी नव्हता.

मग त्याने घरातून पत्र्याची एक डबी आणली. आत लष्करातून सुटल्याची चोपडी होती. तिच्यात वर्तणुकीपुढे 'उत्तम' असा शेरा होता. कोंडाजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो शब्द कुठल्या ओळीत आहे हे त्याला पाठ होतं. बोट त्याने नेमकं तिथेच ठेवलं. चोपडीखाली तीन कागद होते. दोन पेन्शनचा अर्ज नामंजूर झाल्याचे, आणि तिसरा, महिन्याभरापूर्वी आलेला, असा की जुन्या अर्जांची अखेरची फेरतपासणी पुण्याला वैशाखात व्हायची आहे, त्यानंतर कुठलाही अर्ज घेतला जाणार नाही.

नामंजुरीचं कारण दोन्ही कागदांत एकच होतं. अर्जदार आपल्या मुलखात लहानपणापासून दरवर्षी राबाच्या धुरात काम करतो. भरतीपूर्वीही आपली छाती वाजत होती असं त्याने फ्रान्समधल्या इस्पितळात स्वतःच सांगितलं आहे. सबब आजार नोकरीमुळे झालेला नाही.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन. मावळात उन्हाळ्यात रोपाच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्यांची कवळं रचतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवतात. त्या दिवसांत लोहगडापासून खाली सगळं खोरं धुराने भरून जातं. हे मला ठाऊक होतं. पण फ्रान्समधल्या गोऱ्या डॉक्टरला राब कसा ठाऊक?

मी तसं विचारलं. कोंडाजी कागद डबीत भरू लागला.

"सांगा की," सरुबाई आतून म्हणाली. "मला अकरा वर्सं आईकवताय. ह्येंलाबी आईकवा."

मग त्याने सांगितलं. इस्पितळाच्या तंबूत डॉक्टर रांगेने फिरत होता. ज्यांना धूर सोसला नाही त्यांना जहाजावर घालणार आणि बाकीच्यांना परत कंपनीकडे धाडणार, असं दुभाष्याने सांगितलं. अंबाजी अजून सापडला नव्हता. त्याच्या आईला, मुक्ताबाईला, कोंडाजीने भाज्यातून निघताना शब्द दिला होता की जाताना दोघं, येताना दोघं. डॉक्टरने छातीला नळी लावली तेव्हा तो बोलला, आमी मावळातली माणसं, पोरपणापासनं राबाचा धूर खातो, ह्यो धूर आमाला काय करतोय. छाती माझी घरीपन अशीच वाजती.

"वाजत हुती?" मी विचारलं.

"कदी न्हाई. मी भाज्याची लेणी एका दमात चढायचो, खांद्यावर कोकरू घिऊन."

त्याला कंपनीत परत पाठवलं. अंबाजी सापडला नाही. दोन महिन्यांनी कोंडाजी दम कोंडून खंदकात कोसळला, आणि मग त्याला जहाजावर घालावंच लागलं. पण तंबूतलं ते वाक्य कागदावर उतरलं होतं आणि कागद त्याच्या आधी हिंदुस्थानात पोहोचला होता.

मी म्हणालो, हेच पुण्याला सांगायचं. त्याने मान हलवली. सायबापुढं लबाड बोलणं हा गुन्हा. ते कबूल केलं की चोपडीतला 'उत्तम' जाणार. सगळ्या लढाईतून त्याने घरी आणलेली एवढी एकच गोष्ट होती. "त्ये सोडून दुसरं काय सांगायचं आसंल तर सांगा," तो म्हणाला.

दुसरं काय, याचा विचार मी लोणावळ्याच्या खोलीवर तीन दिवस केला. पुण्याच्या पेन्शन बोर्डाचं म्हणणं असं होतं की राबाच्या धुराने छाती बिघडते. हे म्हणणं तपासता येण्यासारखं होतं. राब तर सगळा गाव भाजतो. मग सगळ्या गावाच्या छात्या मोजायच्या.

कॉलेजातल्या एका स्नेह्याकडून मी पाच लिटरची काचेची बरणी आणली. पाव पाव लिटर पाणी ओतून तिच्यावर वीस रेघा ओढल्या. बरणी पाण्याने भरून, पाण्याच्याच घंगाळात उपडी धरायची, खालून रबरी नळी आत सोडायची आणि माणसाने एका दमात जेवढी हवा सोडवेल तेवढी सोडायची. हवा वर जाते, पाणी खाली उतरतं, किती रेघा उतरलं ते लिहायचं. एवढंच यंत्र.

भाज्याच्या देवळापुढे मी ते मांडलं तेव्हा आधी कोणी जवळ येईना. मग सरुबाईने पदर खोचला आणि नळी तोंडात धरली. पाणी खदखदत अकरा रेघा उतरलं. बायका हसल्या, आणि मग रांगच लागली. चुलीपुढे फुंकणी फुंकून कमावलेला दम त्यांनी बरणीत ओतला. एक म्हणाली, "सायेब, सासूचं नाव घिऊन फुकलं तर दोन रेगा ज्यादा उतरत्यात का?" मी म्हणालो, करून बघ. तिची सासू रांगेत मागेच उभी होती. तिने सुनेपेक्षा एक रेघ जास्त उतरवली आणि नळी पदराला पुसून पुढच्या बाईला दिली.

मी वय, किती वर्षं राब भाजला, चूल घरात की पडवीत, आणि रेघा, असं प्रत्येकाचं लिहून घेतलं. अकरा बायका, नऊ पुरुष. बायका सरासरी अकरा, पुरुष चौदा. अंबाजीची आई मुक्ताबाई सत्तरीची, पाठीत वाकलेली. तिने आठ रेघा उतरवल्या.

शेवटी कोंडाजीने नळी घेतली. पाणी सहाव्या रेघेवर थांबलं. तो पुन्हा फुंकला. पुन्हा सहा.

मुक्ताबाईने बरणीकडे निरखून पाहिलं. "कोंडा," ती म्हणाली, "कुदळ माज्याकडं दे आन तू पाळन्यात नीज." सगळे हसले, कोंडाजीही हसला आणि त्याला खोकला आला. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

पण हे अर्धंच झालं होतं. राब आहे आणि आजार नाही, एवढंच यातून दिसत होतं. मला असा माणूस हवा होता ज्याने वायू घेतला पण राब कधी भाजला नाही. मी ते बोललो मात्र, कोंडाजी उठलाच. कामशेतच्या पेठेत दस्तगीर शिंपी होता. एकाच खंदकात दोघांनी कुदळी मारल्या होत्या. घरात तीन पिढ्यांचं शिवणकाम, जमिनीचा तुकडा नाही. धूर त्याला म्हणाल तर उदबत्तीचा.

दस्तगीर मशीनवर बसून बोलत होता, आणि दर दोन वाक्यांनंतर टाका थांबवून दम घेत होता. त्याने कधी अर्जच केला नव्हता. "कोंडाभाऊला न्हाई म्हनले," तो म्हणाला. "त्यो तर 'उत्तम' शेऱ्याचा. मी खंदकात बसून लोकांच्या तुमानी शिवायचो. मला कोन इचारतंय?" त्याने नळी तोंडात धरली. सात रेघा. त्याने वाकून मोजल्या. "भाऊपेक्षा एक ज्यादा. आता ह्ये पेठंत सांगतो."

वैशाखात आम्ही चौघं मळवलीहून सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो. बरणी पेंढ्यात गुंडाळून सरुबाईने मांडीवर धरली होती. वाटेत ती एकदाच बोलली. "दस्तगीरभाऊ, तितं गेल्याव चेष्टा करू नगा." तो म्हणाला, "वैनी, चेष्टा न्हाई केली तर मी तितं रडंन."

बोर्डापुढे दुपारी आमचा पुकारा झाला. लांब टेबलामागे तिघं होते. मधला अध्यक्ष, पिकल्या मिशांचा मेजर, स्वतः डॉक्टर. टेबलाच्या टोकाला दुभाष्या कारकून, मराठी माणूस, टोपी नीट बसवलेला. मी कागद पुढे ठेवला आणि इंग्रजीत समजावून सांगितलं: हे वीस जण, राब आहे, वायू नाही. हा एक, वायू आहे, राब नाही. आणि हा अर्जदार, दोन्ही असलेला. माणसं थोडी आहेत, हे मीच आधी बोललो. बायकांची छाती मुळात लहान असते, म्हणजे तुलना अर्जदाराला सोयीची व्हावी म्हणून केलेली नाही, हेही सांगितलं.

मेजरला कागदापेक्षा बरणीत रस वाटला. ती कशी चालते ते त्याने विचारलं, मग स्वतः उठून फुंकून पाहिलं. सतरा. त्याने सरुबाईला आत बोलावलं. इतक्या गोऱ्या माणसांपुढे ती पदर सावरत उभी राहिली, पण नळी हातात आल्यावर तिने कोणाकडे पाहिलं नाही. अकरा. राब किती वर्षं भाजतेस, असं त्याने दुभाष्याकडून विचारलं. "पोर हुते तवापासनं," ती म्हणाली. "ह्यांच्यापरीस जास्त. बाप्ये पेटवत्यात आन पारावर बसत्यात."

मेजर हसला. मला वाटलं, झालं. पण त्याने जुना कागद उचलला आणि माझ्याकडे सरकवला. त्याचं म्हणणं असं, की तुमचा तक्ता चांगला आहे, पण गावातल्या वीस जणांची छाती कशी आहे त्यावरून या एकाची आधी कशी होती हे ठरत नाही. भरतीपूर्वी छाती वाजत होती हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. ते इथे लिहिलेलं आहे आणि अकरा वर्षं कोणी खोडून काढलेलं नाही.

 शास्त्र म्हणून त्याचं बरोबर होतं.

मग तो मऊ आवाजात कोंडाजीला उद्देशून बोलला आणि दुभाष्याने ते मराठीत सांगितलं. सरकार निष्ठुर नाही. दयेची बाब म्हणून एकदाच काही रक्कम देता येईल. अर्जदाराने फक्त या कागदावर अंगठा द्यायचा, की आजार नोकरीच्या आधीचा आहे हे मला मान्य आहे. दौत पुढे सरकली.

सरुबाईने कोंडाजीकडे पाहिलं. घरात काय होतं आणि काय नव्हतं ते तिला माहीत होतं. 

कोंडाजीने दौत उचलली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, दुभाष्यापुढे नेऊन ठेवली.

"दया नगं," तो म्हणाला. "त्या कागदावरचं माजं बोलनं लबाड हाय. छाती माजी कदी वाजत नव्हती. मी सायबाला फसवलं."

दुभाष्याने मान खाली घातली आणि हलक्या आवाजात तो मराठीतच बोलला. हे मी त्यांना सांगत नाही, बाबा. वरिष्ठाला खोटं सांगितलं असं कबूल करतोयस. तुझ्या चोपडीवर शेरा बसेल. गप अंगठा दे आणि घरी जा. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या परीने तो कोंडाजीला वाचवत होता.

कोंडाजी त्याच्याकडून वळला, टाचा जुळवून मेजरपुढे ताठ उभा राहिला आणि पलटणीत शिकलेल्या हिंदुस्थानीत त्याने स्वतःच सांगितलं.

"साब, उस दिन हम झूठ बोला. हमारा सीना अच्छा था."

मेजरला ते थेट समजलं. त्याने पेन खाली ठेवलं. त्या दिवशी खोटं बोललास तर आज खरं बोलतोयस कशावरून, असं त्याने विचारलं. दुभाष्याने ते मराठीत सांगितलं. कोंडाजीने श्वास घेतला, आणि त्या शांततेत त्याच्या छातीची शिट्टी खोलीभर ऐकू आली.

"तवा लबाड बोललो, कारन मला परत त्या खंदकात जायचं हुतं. माजा मानूस तितं ऱ्हायलाता. आज खरं बोललो तर माज्या चोपडीवर काट बसनार. दोन्ही डाव तोटा माजाच. मंग लबाड बोलून मी मिळवलं काय, त्ये सायबानं सांगावं."

दुभाष्याने या वेळी एक शब्दही गाळला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

मेजरने जुना कागद पुन्हा वाचला. बहुधा तारीख बघत असावा. इस्पितळातून कंपनीत परत पाठवल्याची नोंद त्याच्या खालीच होती. मग त्याने माझा तक्ता त्या कागदाला टाचणीने लावला आणि विचारलं, हे म्हणणं लिहून सही करणार का? कोंडाजीने सही केली. त्याला मराठीत सही येत होती. अंगठा द्यायची गरजच नव्हती, पण सही येते का हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात दस्तगीर पायऱ्यांवर मटकन बसला. आत तो सात रेघा फुंकण्यापलीकडे काही बोलला नव्हता. सरुबाईने त्याला पाणी दिलं.

ज्येष्ठ सरता सरता पाकीट आलं. भाज्यात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून कोंडाजी ते घेऊन मळवलीहून गाडीने लोणावळ्याला माझ्याकडे आला. स्टेशनपासून माझ्या खोलीपर्यंतच्या चढावर तो तीनदा थांबला, हे मी गॅलरीतून पाहिलं. मी वाचून दाखवलं. आजार नोकरीत विषारी वायूमुळे झाला हे मान्य. अपंगत्वाचं पेन्शन मंजूर, सर्वांत खालच्या दर्जाचं, निकालाच्या तारखेपासून. सोबत बोर्डाने ठेवून घेतलेली चोपडी परत आली होती. 'उत्तम' हा शब्द तांबड्या शाईने खोडून वर 'बरा' लिहिलं होतं.

त्याने चोपडी हातात घेतली. बोट त्या ओळीवर बराच वेळ राहिलं.

"मागली अकरा वर्सं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

"मंग त्येचा अर्ज कदी लिवायचा?"

मी सांगितलं, आता अर्ज घेणार नाहीत, तसं त्यांनीच कळवलं होतं. तो म्हणाला, त्यांनी तर छाती घरचीच हाय असंही कळवलं होतं.  मी कागद काढला.

आम्ही लिहीत असताना दस्तगीर आला. कोंडाजीनेच त्याला कामशेतहून बोलावलं होतं. त्याने चोपडी पाहिली, शेरा विचारून घेतला. "बरा," तो म्हणाला. "भाऊ, आजवर सरकारनं एवढं खरं कायच लिवलं नव्हतं." कोंडाजीने त्याला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाला, आधी याचा लिहा, माझा मागनं.

मी नाव लिहिलं, कंपनी लिहिली, तारीख लिहिली, सात रेघा लिहिल्या. मग विचारलं, ढग आला तेव्हा तू काय करत होतास?  दस्तगीरने कोंडाजीकडे पाहिलं, मग खाली.

"पळत हुतो," तो म्हणाला. "त्ये लिवलं तर चालंल का?"

"लिवा," कोंडाजी मला म्हणाला. "जे झालं त्ये सगळं लिवा. आता मागनं कोनाला काय खोडायची पाळी यायला नगं."

मी लिहिलं: ढग आला तेव्हा मी पळत होतो. दस्तगीरने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग त्याने दम घेतला आणि पुढचं सांगायला सुरुवात केली.